चार सिलिंडर आणि एक थर्मास

कवळीकर हे काही त्याचं आडनाव नव्हे. तो कवळ्या बनवायचा, म्हणून दातांच्या डॉक्टरांनी ते नाव त्याला चिकटवलं आणि त्यानेही ते कधी काढून टाकायचा प्रयत्न केला नाही. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेऊन पाठवायचे, आणि हा आपल्या दोन खोल्यांच्या लॅबमध्ये प्लास्टरचा साचा, मेण आणि छोटं ग्राइंडर घेऊन त्यावर दात बसवायचा. वरचा दात खालच्यावर कुठे टेकतो, चावताना कुठे घासतो, हसताना किती दिसतो, हे त्याला माणूस न बघता कळायचं. कितीतरी लोकांची तोंडं त्याने पुन्हा चालू करून दिली होती. त्याचं स्वतःचं तोंड मात्र कामापुरतंच उघडायचं.

त्याची बायको एका मोठ्या हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर होती. घंटी वाजली की उचलायचं, 'हॅलो' म्हणायचं आणि फोन ज्याचा त्याला जोडून द्यायचा. वॉर्ड, रक्तपेढी, रडणारे, खेकसणारे, चुकून लागलेले, सगळे तिच्या कानातून जायचे. तिथे तिला हॅलोताई म्हणत. घरी आल्यावर हॅलोताईला कुणी हॅलोसुद्धा म्हणू नये असं वाटायचं. मुलगी नोकरीसाठी दुसरीकडे राहायला गेल्यापासून त्या घरात सगळ्यात जास्त बोलत असे तो रेडिओ. भांडण नव्हतं, अबोला नव्हता. फक्त बोलायचं राहून जायचं.

ते राहिलेलं सगळं रविवारी निघायचं, मोटरसायकलवर. गाडी दोन सिलिंडरची, उघड्या अंगाची. इंजिन, पाइप, साखळी सगळं बाहेर, लपवाछपवी काही नाही. मागची सीट लांबरुंद, गादीसारखी. शहर संपलं की बायको हनुवटी त्याच्या खांद्याजवळ आणायची आणि आठवड्याभराचं सांगायला लागायची. हाही मान किंचित वळवून उत्तरं द्यायचा, आणि काय सांगू, चांगली मोठमोठी उत्तरं द्यायचा. समोरासमोर बसलं की ज्यांना 'मीठ दे'च्या पुढे सुचत नाही, त्यांना एकमेकांचं तोंड दिसेनासं झालं की असं सुचतं. मुलीला लांब पाठवायचं की नाही, हे त्या सीटवर ठरलं होतं. त्याच्या आईचं ऑपरेशन करायचं की नाही, हेही तिथेच. घाटमाथ्यावर एका कठड्याशी थांबून थर्मासमधला चहा प्यायचा आणि परत फिरायचं, असा नेम.

आता गंमत अशी, की इतक्या वर्षांत या नेमासाठी दोघांनी एकमेकांना कधी विचारलं नव्हतं. तो सकाळी खाली जायचा. पार्किंग नेमकं त्यांच्या स्वयंपाकघराखाली, दोन इमारतींच्या मधल्या अरुंद बोळात. गाडी चालू केली की तिचा धडधडाट भिंतींना आपटत थेट तिसऱ्या मजल्यावर जायचा आणि ओट्यावरच्या स्टँडमधले चमचे थरथरायला लागायचे. चमचे वाजले की बायको थर्मासचं झाकण घट्ट करायची, दारामागच्या खुंटीवरचं हेल्मेट काढायची आणि खाली यायची. इंजिन गरम होईपर्यंत ती खाली पोचलेली असे. तळमजल्यावरचे निवृत्त काका दर रविवारी खिडकी आपटून लावायचे, तेही या नेमाचाच भाग झालं होतं.

मग मेहुण्याने घोटाळा केला.

हा बायकोचा धाकटा भाऊ. पोहायला शिकवायचा, गळ्यात कायम शिट्टी, म्हणून घरात त्याचं नाव शिट्टी. एक दिवस तो चार सिलिंडरची गाडी घेऊन आला आणि म्हणाला, "भाऊजी, एक चक्कर मारून या, मग बोलू." भाऊजी चक्कर मारून आले आणि बोलले काहीच नाहीत, पण त्या दिवशी लॅबमध्ये त्यांनी एका वकिलाच्या कवळीत सुळा उलट्या बाजूला लावला. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला असं वेड लागलं की तो गुपचूप माहितीपत्रकं गोळा करतो आणि ती पेपरच्या घडीत ठेवतो. कवळीकरनेही तेच केलं. बायको रोज पेपर उघडायची, त्यामुळे गुपित म्हणावं असं त्यात काही नव्हतं.

"घ्या की," ती एकदा भाजी निवडताना म्हणाली. "उगाच उसासे टाकत बसू नका."

"जुनी बदल्यात द्यावी लागेल."

"मग द्या."

झालं. एवढीच चर्चा.

नवी गाडी शोरूममधून आणताना बायको मागे बसली होती. ही गाडी अंगाबरोबर कपडे शिवल्यासारखी, सगळं इंजिन चकचकीत आवरणाच्या आत, हँडल खाली, बसणाऱ्याने पुढे ओणवं व्हायचं. मागची सीट मात्र हातरुमालाची घडी ठेवावी एवढीच, आणि तीही उंचावर. बायको कशीबशी चढली आणि घरापर्यंत एक शब्द बोलली नाही. खाली उतरल्यावर म्हणाली, "छान आहे."

हे 'छान' कवळीकरच्या मनात रुतून बसलं. त्यांच्या घरात छान कशाला म्हणत, ते त्याला माहीत होतं. नणंदेने दिलेल्या पडद्यांना बायको छान म्हणाली होती, आणि ते पडदे कपाटाच्या तळाशी होते.

पुढच्या रविवारी तो नेहमीसारखा खाली गेला. गाडी चालू केली. तिने एकदा घसा साफ केल्यासारखं केलं आणि मग गुळगुळीत गुणगुणायला लागली. तळमजल्यावरच्या काकांनी खिडकी लावली नाही, उलट उघडली. "गाडी घेतलीत की शिलाई मशीन?" ते म्हणाले, आणि पुढे मनापासून म्हणाले, "फार बरं केलंत हो." कवळीकर हसला. हातमोजे घातले, आरसे पुसले, पुन्हा पुसले. वर स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाहिलं. इंजिन केव्हाच गरम झालं होतं. जिन्यावर पावलं वाजली, पण तो दूधवाला होता.

सीट, त्याला वाटलं. दुसरं काय असणार? तिला त्या सीटवर बसायचं नाही, आणि सांगून माझं मन मोडायचं नाही. वर जाऊन विचारावं असं त्याच्या मनात आलं. पण विचारलं तर तिला एक तर खोटं बोलावं लागेल, नाही तर खरं. दोन्ही तिच्यावर लादायचं त्याच्या जिवावर आलं. तो एकटाच गेला. परत आला तेव्हा बायको कपडे वाळत घालत होती.

"आलात फिरून?"

"आलो."

"कशी आहे?"

"छान आहे," तो म्हणाला.

त्याच्या पुढच्या रविवारी तेच, आणि त्याच्याही पुढच्या. दर वेळी तो खाली आरसे पुसत उभा राहायचा, आणि दर वेळी जिन्यावर दुसरंच कुणीतरी असायचं. घरात मात्र काहीतरी बारीकसं बदललं. बायको त्याच्याशी एका ओळीत बोलायला लागली, बोर्डावर बोलायची तसं, नम्र आणि लांबून. 'जेवण झाकून ठेवलंय.' 'लाइटवाला येऊन गेला.' त्याला वाईट वाटायचं, आणि आपल्याला वाईट वाटतंय हे तिला कळू नये म्हणून तो आणखी गप्प व्हायचा. अशाने कुणाचं भलं झालंय?

पहिलं सर्व्हिसिंग झालं तेव्हा शिट्टीने त्याला आपल्याबरोबर नेलं. घाटाच्या पायथ्याशी दोघं थांबले. शिट्टीने हेल्मेट काढलं.

"भाऊजी, एक विचारू? तुम्ही ही गाडी अशी का चालवता?"

"अशी म्हणजे?"

"अशी म्हणजे मागे कुणी बसल्यासारखी. इंजिनच्या मीटरचा काटा जरा वर चढला की पुढचा गिअर टाकता, तोही दबकत. ब्रेक तर असा, की जणू पाळणा हलतोय आणि पोर उठेल. तुमची जुनी गाडी खालूनच ओढायची, तिला ते चालायचं. ही काटा वरच्या अर्ध्यात गेला की जागी होते. त्या अर्ध्यात तुम्ही अजून पाऊलच ठेवलेलं नाही."

कवळीकरच्या डोक्यात तेव्हा लख्ख प्रकाश पडला. गिअर झटक्यात पडला की बायकोचं हेल्मेट पुढे येऊन त्याच्या हेल्मेटवर टक्कन आपटायचं. सुरुवातीला ती कुरकुरायची. मग त्याने हात असा बसवला, की गिअर पडलेला तिला कळूही नये. कवळी तोंडात बसली की जीभ तिला विसरते, तसं. ती मागे असो वा नसो, त्याचा हात अजून तिलाच सांभाळत होता.

"आता मागे कुणी नाहीये," शिट्टी म्हणाला. "सोडा गाडीला."

त्याने सोडलं. काटा नेहमीच्या जागी आला तेव्हा गिअर टाकायला डावा पाय सवयीने वर उचलला गेला. त्याने तो थांबवला. मग ते गुणगुणणं ताणत गेलं, त्याचा सूर झाला, सुराची किंकाळी झाली, आणि डोंगर एकदम त्याच्या अंगावर आला. वळणं एकामागून एक मागे पडत गेली. हेल्मेटच्या आत तो मोठ्याने हसला. लहानपणानंतर इतकं निव्वळ मजेचं त्याला काही मिळालं नव्हतं, आणि ते कबूल करायला हरकत नाही. माथ्यावर कठड्याशी थांबल्या थांबल्या त्याने मान किंचित डावीकडे वळवली आणि म्हणाला, "बघितलंस?"

मागे कुणी नव्हतं. त्याला इतकं एकटं वाटलं, की शिट्टी येऊन पोचेपर्यंत तो गाडीवरून उतरलाच नाही.

शिट्टीचा जीव भाऊजींवर होता, पण त्याला पाण्याबाहेरचं फारसं कळत नसे. खाली आल्यावर त्याने पाठीवरच्या सॅकमधून गाडीच्याच रंगाचं एक टोपण काढलं. "माझ्याकडे जास्तीचं होतं. ताई नाहीतरी येत नाही ना? मागच्या सीटवर हे बसवा, गाडी काय देखणी दिसते बघा." कवळीकर नको म्हणेपर्यंत त्याने ते बसवलंही. सीट नाहीशी झाली. तिथे एक तुकतुकीत उंचवटा आला, आणि गाडी खरंच देखणी दिसायला लागली.

दुसऱ्या दिवशी बायको ड्यूटीला निघाली तेव्हा तो वरून बघत होता. ती गाडीजवळ थांबली. पर्सचा बंद सावरला. त्या टोपणाला एकदा बोट लावलं, आणि चालायला लागली. संध्याकाळी तो घरी आला तेव्हा दारामागची खुंटी रिकामी होती. हेल्मेट माळ्यावर गेलं होतं, कापडी पिशवीत, वर गाठ मारून.

त्याने ते टोपण स्वतः बसवलं नव्हतं, पण काढलंही नव्हतं, आणि हे कुणाला सांगून पटणार? जुनी गाडी परत मिळेल का, म्हणून त्याने शोरूममध्ये फोन करून पाहिला. ती केव्हाच विकली गेली होती. त्या आठवड्यात तो लॅबमध्ये उशिरापर्यंत ग्राइंडर चालवत बसायचा. कवळ्या उत्तम झाल्या. माणूस आतून बिघडला की त्याचं काम सुधारतं, हे काही खरं नाही. त्याच्या बाबतीत मात्र तसं झालं.

शनिवारी दुपारी शिट्टी गाडीची साखळी ताणून आणतो म्हणून घेऊन गेला. बायको ड्यूटीवर होती. कवळीकरने ओट्याशी उभं राहून स्वतःपुरता चहा टाकला. दूध घातलं, गॅस बारीक केला, चहा उकळायची वाट बघत राहिला. घर शांत होतं. तेवढ्यात दार वाजलं आणि शिट्टी आत आला, दमलेला.

"भाऊजी, कान गेले काय तुमचे? केव्हाचा खाली गाडी चालू ठेवून उभा आहे. म्हटलं, आवाज ऐकून खाली याल, साखळी एकदा बघाल. शेवटी काकाच म्हणाले, बाबा रे, वर जा."

"गाडी चालू आहे?"

"आत्ता? हो, चालूच आहे."

कवळीकरने हात वर करून त्याला गप्प केलं. गॅस बंद केला. रेडिओ बंदच होता. दोघं ओट्याशी उभे राहिले, त्याच ओट्याशी जिथे बायको दर रविवारी उभी असते. त्याने चमच्यांच्या स्टँडकडे पाहिलं. सगळे चमचे आपापल्या जागी मुकाट उभे होते. एकही हलत नव्हता. त्याने खिडकीतून मान बाहेर काढली तेव्हा कुठे ते गुणगुणणं खालून आलं, एवढंसं.

तो ओट्याला टेकला.

"काय झालं?" शिट्टी घाबरला. "बरं वाटत नाहीये का?"

"मी दर रविवारी खाली उभा राहिलो," कवळीकर म्हणाला, "आणि तिला वाटलं असणार, मी न सांगता निघून गेलो."

शिट्टीला यातलं अक्षरही कळलं नाही. पण भाऊजींचा चेहरा बघून त्याने तो चहा गाळून त्यांच्या हातात दिला आणि स्वतः न पिता खाली जाऊन गाडी बंद केली. भाऊजींनी मागून हाक मारून सांगितलं, तसं जाताना ते टोपणही काढून नेलं.

रात्री सांगावं असं त्याने ठरवलं होतं. पण बायको दमून आली, जेवली आणि झोपली, आणि तोंड उघडायची सवय नसली की ते ठरवून उघडत नाही. सकाळी तो उठला, तयार झाला, किल्ली घेतली. बायको स्वयंपाकघरात पाठमोरी होती. सवयीने तो खाली गेला. गाडीचं कव्हर काढलं, किल्ली लावली, आणि बटणावर अंगठा ठेवून थांबला. हे बटण दाबून आता काही होणार नव्हतं. अंगठा काढून घेतला आणि जिना चढायला लागला. तिसऱ्या मजल्यापर्यंत त्याने चार वाक्यं तयार केली. दारात पोचेस्तोवर चारही विसरला.

बायको ओट्याशीच होती. अंगावर रविवारची जाड पँट, पायात बूट. थर्मास भरलेला, झाकण नुसतं ठेवलेलं, घट्ट न केलेलं.

त्याने थर्मासकडे पाहिलं, मग बुटांकडे.

"हे आजच?" त्याने विचारलं.

"दर रविवारी," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, थकवा होता. "भरते. थांबते. मग खिडकीतून बघते तर गाडी नसते. मग बूट काढते आणि चहा खालच्या काकांना नेऊन देते. ते खूश आहेत. गाडीवर पण आणि चहावर पण."

"पण तू हेल्मेट माळ्यावर टाकलंस."

"सीटच नाही तर हेल्मेट काय, भाजी आणायला घालू?" मग बुटांकडे बघत, "तरी बूट घातलेच. सवय."

"मी खाली असायचो गं. गाडी चालू करून. दर वेळी. तू येशील म्हणून आरसे पुसत उभा असायचो." त्याने चमच्यांकडे बोट दाखवलं. "ती ऐकू येत नाही इथे. मला काल कळलं. चमचे हलत नाहीत."

बायकोने चमच्यांच्या स्टँडकडे पाहिलं. मग तिच्या ओठाचा एक कोपरा हलला.

"दिवसभर मी काय करते?" ती म्हणाली. "घंटी वाजली की उचलते. घंटीच वाजली नाही तर काय उचलू?"

"तू विचारायचंस."

"तुम्ही विचारायचंत."

हे दोन्ही बरोबर होतं. खालून काकांच्या खिडकीचा आवाज आला. चहाची वेळ झाली होती, ते वाट बघत असणार.

"टोपण काढलंय, पण सीट वाईट आहे," कवळीकर म्हणाला. "खोटं नाही सांगत. त्यावर जाडसर गादी शिवून घेऊ. नाहीच जमलं तर गाडी बदलू."

"सीटचं मी बघून घेईन. सीटवर मला बसायचं आहे."

"मग," तो म्हणाला, आणि किल्ली या हातातून त्या हातात घेतली, "येतेस?"

बायको वळली. इतक्या वर्षांत हा शब्द तिने त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला होता, आणि तो तिला फार आवडला होता; ते तिच्या डोळ्यांत आलं, आणि तिने ते लपवलंही नाही.

"लाइन नीट नव्हती," ती म्हणाली. "परत विचारा."

"येतेस का माझ्याबरोबर?"

तिने थर्मासचं झाकण घट्ट केलं. "आधी माळ्यावरून हेल्मेट काढा. माझा हात पोचत नाही."

घाटाच्या पायथ्यापर्यंत त्याने गाडी तशीच चालवली, हळुवार, मागे तीच बसल्यासारखी; आणि आता ती खरंच मागे होती. गिअर कधी पडले ते तिला कळलं नसेल. ती उंचावरून, त्याच्या पाठीवर रेलून, इतक्या आठवड्यांचं साठलेलं सांगत होती, आणि तो उत्तरं देत होता. चढ सुरू झाला तसं तिने त्याच्या खांद्यावर बोटांनी ठोकलं.

"शिट्टी म्हणाला, ही गाते म्हणून. कुठे गाते?"

"तुझं डोकं आपटेल."

"आपटू दे."

त्याने पाय वर उचलला नाही. काटा नेहमीची जागा ओलांडून वर गेला, गुणगुणणं ताणलं, चढलं, सूर लागला, आणि मग त्याने गिअर टाकला, न दबकता. तिचं हेल्मेट त्याच्या हेल्मेटवर टक्कन आपटलं. त्याने धास्तावून मूठ सैल केली. तिने हनुवटी त्याच्या खांद्यावर आणली आणि कानाशी म्हणाली, "आता आली ऐकू."